काचपेटीच्या तळाचा रहिवासी

माणसानें प्राणी पाळले ते बहुतेक कांहीं ना कांहीं कामासाठीं. बैल नांगराला, घोडा स्वारीला, कुत्रा राखणीला आणि मांजर उंदरांच्या बंदोबस्ताला. मासा मात्र दीर्घकाळ केवळ ताटासाठीं तळ्यांत वाढविला गेला. पुढें चीन देशांत सोनेरी मासा निपजला, तेव्हां तो डोळ्यांच्या सुखासाठींही पाळला जाऊं लागला. या दोहोंहून निराळी अशी तिसरी एक कथा आहे. ती पाण्याच्या वरच्या थरांत मिरवणाऱ्या रंगीत माशाची नसून, तळाच्या वाळूंत तोंड खुपसून बसणाऱ्या साध्या माशाची आहे. या माशाला माणसानें प्रथम हवामान सांगणारें यंत्र म्हणून घरांत आणलें. नंतर काचपेटी झाडणारा नोकर म्हणून ठेवलें. आणि त्याला स्वतःला काय हवें आहे, हा प्रश्न सर्वांत शेवटीं विचारला. त्या विलंबाची किंमत माशानें दिली, आणि कांहीं अंशीं नद्यांनींही दिली.

या कथेचा आरंभ मध्य युरोपांत होतो. तेथील संथ ओढ्यांत, दलदलींत आणि शेतालगतच्या चरांत लोच कुळांतील एक लांबट मासा राहतो. वाम माशासारखें निमुळतें अंग, त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत तपकिरी पट्टे, आणि तोंडाभोवतीं दहा मिशा. सहा वरच्या ओठाला व चार खालच्या ओठाला. लांबी कधीं कधीं एक फुटापर्यंत जाते. १७५८ सालीं लिनियस या स्वीडिश पंडितानें त्याला ‘फॉसिलिस’ असें विशेषण दिलें. त्याचा मूळ अर्थ ‘खणून काढलेला’ असा आहे. हा मासा खरोखरच चिखलांतून खणून काढावा लागे. चर आटूं लागला कीं तो ओलसर चिखलांत शिरून बसतो आणि पाणी परत येईपर्यंत तग धरतो. पुढें शास्त्रांत त्याचें नांव मिसगर्नस फॉसिलिस असें स्थिर झालें. जर्मन लोक मात्र त्याला सरळ ‘हवामान-मासा’ म्हणत.

तें नांव पडण्याचें कारण असें. तळाशी थोडी वाळू घातलेल्या काचेच्या बरणींत हा मासा ठेवला, तर एरव्हीं तो दिवसचे दिवस निश्चल पडून राहतो. परंतु वादळ यावयाचें असलें म्हणजे जवळजवळ एक दिवस आधीं तो बेचैन होतो, वर-खालीं धांवतो, वाळू ढवळून पाणी गढूळ करतो, असा लोकांचा अनुभव होता. टॉरिचेलीनें १६४३ सालीं पाऱ्याचा वायुभारमापक शोधून काढला होता खरा. पण तें यंत्र घेण्याची ऐपत खेड्यांतील गृहस्थाला कोठून असणार? बरणी आणि मासा मात्र कोणालाही परवडणारी वस्तु होती. अशा रीतीनें गोड्या पाण्यांतील एक तळवासी मासा, काचेच्या मत्स्यपेट्या प्रचारांत येण्यापूर्वींच, माणसाच्या खिडकींत येऊन बसला.

हा मासा वादळ ओळखतो तरी कसा? एक उत्तर त्याच्या शरीररचनेंत सांपडतें. १८२० सालीं वेबर या जर्मन शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, कांहीं माशांत पोटांतील वाताशय व कानाचा आंतील भाग हे चिमुकल्या हाडांच्या साखळीनें जोडलेले असतात. लोच, मार्जारमासे, रोहू, कटला हे सारे त्याच मोठ्या गोतांतले. लोच माशांत तर वाताशयाचा पुढील भाग हाडाच्या डबींत बंद असतो. तेव्हां दाबांतील फेरफार त्याच्या कानापर्यंत पोंचत असावा, हें मानण्यास हरकत नाहीं. मात्र येथें एक हिशेब लक्षांत घेतला पाहिजे. पाऱ्याची उंची एक सेंटिमीटरनें उतरली म्हणजे हवेंत मोठाच फरक झाला. पण पाण्याच्या भाषेंत तो फरक साडेतेरा सेंटिमीटर खोलीइतकाच होय. मासा वीतभर वर आला कीं तितका फरक त्याला रोजच जाणवतो. अर्थात् केवळ दाबानें सर्व उलगडा होत नाहीं.

दुसरें उत्तर अधिक साधें आहे, आणि तें श्वासाशीं निगडित आहे. १८०८ सालीं बर्लिनचा एरमन यानें या माशासंबंधीं एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. हा मासा कल्ल्यांनीं तर श्वास घेतोच. पण त्याखेरीज पाण्यावर येऊन तोंडानें हवा गिळतो, त्या हवेंतील प्राणवायु आंतड्याच्या अस्तरांतून शोषून घेतो, आणि उरलेली हवा बुडबुड्यांच्या रूपानें गुदद्वारावाटे सोडून देतो. म्हणजे ज्या आंतड्यानें अन्न पचवावयाचें, त्याचाच एक भाग फुफ्फुसाचें काम करतो! आतां वादळापूर्वींचा उकाडा डोळ्यांपुढें आणावा. दहा अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्याच्या एका लिटरांत सुमारें ११ मिलिग्राम प्राणवायु विरघळून राहूं शकतो. तीस अंशांवर तोच आंकडा साडेसातच्या आसपास येतो. लहानशा बरणींतील पाणी उकाड्यानें तापलें, वारा पडला, कीं आंतील प्राणवायु घटतो आणि मासा पुनः पुनः वर येऊं लागतो. मालकाला वाटतें, मासा भविष्य सांगत आहे. वस्तुतः मासा गुदमरत असण्याचा संभव अधिक. ज्या तडफडीला लोक भाकीत समजले, तिच्यांत एका मुक्या प्राण्याची तक्रारही असूं शकेल, हें लक्षांत येण्यास बराच काळ जावा लागला.

बरणींतून पेटींत येण्याचा पुढील टप्पा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आला. १८३२ च्या सुमारास सिसिली बेटांतील मेसिना येथें झान व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच विदुषीनें सागरी जीवांच्या निरीक्षणासाठीं काचेच्या पेट्या बनविल्या. लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें १८५० सालीं आपला प्रसिद्ध प्रयोग जाहीर केला. त्यानें एका पात्रांत दोन लहान सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति ठेवली. वनस्पति प्राणवायु देईल व मासे तो घेतील, अशी ही योजना होती. कांहीं दिवस ती उत्तम चालली. मग कुजक्या पानांनीं पाणी बिघडूं लागलें आणि काचेवर हिरवट बुरा धरूं लागला. तेव्हां वॉरिंग्टननें पात्रांत डबक्यांतील गोगलगायी सोडल्या. त्यांनीं कुजकें पान व बुरा खाऊन टाकला, पाणी निवळलें, आणि त्यांचीं अंडीं माशांना खाद्य म्हणून उपयोगीं पडलीं.

१८५३ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत जगांतील पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. १८५४ सालीं फिलिप गॉस यांचा ‘दि अॅक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि लोखंडाची चौकट, पाटीच्या दगडाचा तळ व काचेच्या भिंती असलेली पेटी इंग्रज गृहस्थाच्या दिवाणखान्यांत येऊन बसली. वॉरिंग्टनच्या गोगलगायीबरोबर एक कल्पनाही त्या पेटींत शिरली होती. ती अशी कीं, पेटींत शोभेचे मासे असावेत आणि त्यांच्यामागें साफसफाई करणारा कोणी तरी असावा. गोगलगायीची ही जागा पुढें तळवासी माशाला मिळाली.

तो मासा दक्षिण अमेरिकेंतून आला. १८३१ ते १८३६ या काळांत ‘बीगल’ जहाजावरून चार्ल्स डार्विन यानें जी सफर केली, तींत त्यानें मासेही जमविले. त्यांचें वर्णन लेनर्ड जेनिन्स या धर्मोपदेशकानें केलें. त्यांतील एका ठिपकेदार, दोन-अडीच इंची मार्जारमाशाचें वर्णन १८४२ सालीं छापून आलें. त्याला आज कोरिडोरास पॅलिएटस म्हणतात. ‘कोरिडोरास’ हें नांव शिरस्त्राण व कातडें अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनलें आहे. आणि तें अगदीं शोभतें. या माशाला साधे खवले नसतात. दोन्ही बाजूंस हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी, कौलें रचावीं तशा, एकमेकींवर बसविलेल्या असतात. पाठीच्या व छातीच्या परांना टणक कांटा असतो. संकट आलें कीं मासा तो ताठ उभा करतो. एवढें चिलखत ल्यालेला हा प्राणी स्वभावानें मात्र अत्यंत निरुपद्रवी आहे. तो कळपानें राहतो, मिशांनीं वाळू चाचपतो, आणि अळ्या, किडे वेंचून खातो. लोचप्रमाणें हाही मधूनमधून झटक्यानें वर येऊन हवेचा घोट घेतो व ती आंतड्यांत वापरतो.

पॅरिस शहरांत पिएर कार्बोनिए या मत्स्यप्रेमी गृहस्थानें १८६९ सालीं चीनमधून आलेले ‘स्वर्गमासे’ वाढविण्यास आरंभ केला होता. १८७८ सालीं त्याच्याच पेट्यांत कोरिडोराससुद्धां व्यालें. उष्ण प्रदेशांतील इतर माशांना पेटीखालीं दिवा जाळून ऊब द्यावी लागे; ला प्लाटा नदीच्या खोऱ्यांतील या माशाला थंड पाणीही मानवतें, ही गोष्ट त्याच्या पथ्यावर पडली. त्याच्या विणीची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. मादी थोडीं अंडीं पोटाखालच्या परांच्या ओंजळींत धरते आणि काचेवर किंवा पानावर तीं चिकटवून येते. असें ती अनेकदां करते. पेटींतील कांहीं पाणी काढून जरा गार पाणी घातलें कीं ही वीण बहुधा सुरू होते. मूळच्या नदींत पावसाचें गार पाणी आलें म्हणजे जें घडतें, त्याचीच ती नक्कल होय. आपल्याकडे पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर ओढ्यांत चढणीचे मासे येतात, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला यांत नवल वाटणार नाहीं.

अशा गुणी माशाला दुकानदारांनीं ‘सफाई करणारा’ म्हणून विकलें, आणि येथेंच अनर्थाला सुरुवात झाली. या समजुतींत दोन चुका आहेत. पहिली चूक अशी कीं, तळाशी पडलेला गाळ हें या माशाचें अन्न नव्हे. त्याला किडे, अळ्या, कोळंबीचा चुरा असें सकस अन्न लागतें. वरच्या माशांना घातलेलें खाद्य ते वरच्यावर संपवितात. तळाच्या माशाच्या वांट्याला उष्टें-खरकटेंही येत नाहीं. ‘तो कचऱ्यावर जगतो’ या भरंवशावर मालक निर्धास्त असतो आणि मासा हळूहळू उपाशी मरतो. दुसरी चूक रसायनशास्त्राची आहे. खाल्लेला पदार्थ नाहींसा होत नाहीं. मासा जें खातो, त्यांतील बराचसा भाग मलाच्या व अमोनियाच्या रूपानें पाण्यांतच परत येतो. तेव्हां पेटी घाण झाली म्हणून आणखी एक मासा आणणें म्हणजे घरांत पसारा झाला म्हणून आणखी एक पाहुणा बोलाविणें होय.

मग पेटी स्वच्छ ठेवतो कोण? याचें उत्तर १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाच्या संशोधनांतून मिळालें. मातींतील कांहीं सूक्ष्म जंतु अमोनियाचें रूपांतर नायट्राइटमध्यें आणि दुसरे कांहीं जंतु नायट्राइटचें नायट्रेटमध्यें करतात, हें त्यानें दाखविलें. काचपेटींतील वाळूवर, दगडांवर आणि गाळणींत हीच प्रक्रिया चालते. अमोनिया व नायट्राइट माशांना विषारी, तर नायट्रेट त्या मानानें पुष्कळच सौम्य. उरलेलें नायट्रेट पाणवनस्पति कांहीं अंशीं घेतात, आणि बाकीचें माणसानें स्वतःच्या हातानें पाणी बदलून काढावयाचें असतें. खरा सफाईदार डोळ्यांना न दिसणारा जंतु, आणि त्याचा मदतनीस पेटीचा मालक.

या खोट्या नोकरीचा सर्वांत मोठा बळी म्हणजे काचेला तोंड लावून चिकटणारा, अंगावर खडबडीत चिलखत असलेला दक्षिण अमेरिकेचा मार्जारमासा होय. बाजारांत तो बोटाएवढा मिळतो, आणि काचेवरील शेवाळ खातो म्हणून गृहस्थ तो हौसेनें घेतो. परंतु पूर्ण वाढीचा मासा चाळीस सेंटिमीटरांहूनही लांब होतो. घरांतील सामान्य पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच. तिच्यांत पाणी मावतें सुमारें ५६ लिटर. एक फूट म्हणजे तीस सेंटिमीटर. ज्या पेटींत माशाला सरळ अंगानें वळतांही येत नाहीं, तींत तो वर्षानुवर्षें कसा राहणार? शेवटीं कंटाळलेला मालक ‘बिचारा सुटूं दे’ म्हणून त्याला तळ्यांत सोडतो. अशा सोडलेल्या माशांची वस्ती कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळींत झाली आहे, आणि तेथील मच्छीमारांच्या जाळ्यांत इतर माशांच्या जागीं हे कांटेरी मासे येऊं लागले. ऑस्ट्रेलियांतही पूर्व आशियांतील हवामान-मासा हौशी लोकांच्या पेट्यांतून सुटून १९८० नंतरच्या दशकांत नद्यांत पसरला. आंतड्यानें श्वास घेणारा आणि चिखलांत तग धरणारा प्राणी परक्या पाण्यांत गेला कीं त्याला हुसकणें किती कठीण, हें सांगावयास नको.

इकडे युरोपांत त्याच्या जातभाईची स्थिति उलट झाली. दलदली बुजवून शेतें झालीं, चर काँक्रीटचे झाले, आणि ज्याला एके काळीं बरणींत ठेवीत तो मासा विरळा होऊं लागला. १९९२ सालीं युरोपीय राष्ट्रांनीं अधिवासरक्षणाचा जो निर्बंध केला, त्यांत ज्या प्राण्यांच्या वस्तिस्थानांचें रक्षण करावयाचें त्यांच्या यादींत त्याचें नांव घालावें लागलें.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रांतून जातो. मुंबई सरकारच्या नोकरींत असलेले कर्नल सायक्स यांनीं दख्खनच्या नद्यांतील माशांचा संग्रह करून त्यांचें वर्णन १८३९ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध केलें. परक्या माणसाच्या मानानें त्यांनीं एक चांगली गोष्ट केली. अनेक माशांना त्यांनीं येथील लोकांच्या तोंडचींच नांवें दिलीं. ‘खुद्री’ हा मोठा मासा, तळाच्या दगडांना चिकटून राहणारा ‘मल्या’, आणि लोच कुळांतील ‘मूरेह’ हीं नांवें त्यामुळें शास्त्रीय ग्रंथांत कायमचीं राहिलीं. भीमेच्या व मुळा-मुठेच्या कांठच्या कोळ्याचा शब्द लंडनच्या पंडितांना उच्चारावा लागला! पुढें १९२० सालीं म्हैसूरचे प्राध्यापक नारायणराव यांनीं तुंगा नदींतील एका नव्या लोचाचें वर्णन केलें. पिवळसर अंगावर काळसर पट्ट्यांची दाट नक्षी असलेला हा बोटभर मासा म्हणजे बोटिया स्ट्रायाटा. सह्याद्रीच्या कांहीं मोजक्या प्रवाहांतच तो आढळतो. देखणा असल्यामुळें परदेशच्या काचपेट्यांत त्याला मोठी मागणी आली आणि तो ओढ्यांतून पकडून विकला जाऊं लागला. त्यांतच धरणें, वाळूउपसा व सांडपाणी यांची भर पडली. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानें त्याची गणना संकटग्रस्त जातींत केली आहे. मुंबईंत १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, त्यानंतर शहरांतील कुटुंबांत ही हौस वाढली. पण घराजवळच्या ओढ्यांत कोणता मासा राहतो, हें ठाऊक असणारीं घरें तेव्हांही थोडीं होतीं आणि आजही थोडींच आहेत.

तळवासी मासा पाळावयाचाच असेल, तर हा इतिहास कांहीं गोष्टी स्पष्टपणें शिकवितो. त्याचीं मिशा हींच त्याचीं बोटें आणि तीच त्याची जीभ. म्हणून तळाला धारदार खडी न घालतां धुतलेली बारीक, गुळगुळीत वाळू घालावी. टोंकदार खडीनें व कुजक्या गाळानें मिशा झडतात आणि मासा आंधळ्यासारखा होतो. कोरिडोरास एकटा ठेवूं नये. पांच-सहांचा तरी मेळ असावा. पाण्याचा पृष्ठभाग व झांकण यांमध्यें चार बोटें हवा राहूं द्यावी, कारण श्वासासाठीं त्याला वर यावें लागतें. तो एकाद-दुसऱ्या वेळीं वर आला तर भिण्याचें कारण नाहीं. मात्र वारंवार येऊं लागला तर पाणी बिघडलें असें समजावें. दिवे मालवल्यावर तळाशी बुडणारें खाद्य थोडेंसें घालावें. दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावें, आणि नळाच्या पाण्यांत क्लोरीन असल्यास तें उघड्या भांड्यांत एक दिवस ठेवून मग वापरावें. मुंबईच्या उन्हाळ्यांत थंड पाण्याचा मासा कासावीस होतो. तेव्हां जात निवडतांनाच हा विचार करावा.

विकत घेण्यापूर्वीं दुकानदाराला तीन प्रश्न अवश्य विचारावेत: हा मासा पूर्ण वाढला म्हणजे केवढा होईल, तो पेटींत वाढविलेला आहे कीं ओढ्यांतून धरून आणला आहे, आणि तो खातो काय. या प्रश्नांचीं उत्तरें मिळत नसतील तर रिकाम्या हातानें परत यावें. आणि घरीं आणलेला मासा कांहीं झालें तरी नदींत किंवा तळ्यांत सोडूं नये. तो दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा.

बरणींतील मासा दोनशें वर्षांपूर्वीं वर-खालीं धांवत होता, तेव्हां लोक खिडकींतून आभाळाकडे पाहत. थोडें बरणींतल्या पाण्याकडेही पाहिलें असतें, तर त्या माशाची अडचण कदाचित् तेव्हांच कळली असती. आजच्या घरांतील काचपेटीजवळ बसणाऱ्या मुलांना तेवढें पाहण्याची संवय लागली, तर ओढ्यांत आणि नदींत जे मासे अजून उरले आहेत, त्यांच्या पाण्याचीही चौकशी करणारीं माणसें पुढें निघतील.